दगडफूल मसाल्यात घाला, काढ्यात नको

प्रश्न बराच लांब होता. त्यातला गाभा असा: आईला मुतखड्याचा त्रास आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी रोज सकाळी चमचाभर दगडफूल उकळून तो काढा अनशापोटी घ्यायला सांगितले आहे. ‘याने वजनही उतरते’ असा व्हॉट्सॲपवरचा संदेश त्याला जोडून आला. घरात गोड्या मसाल्यासाठी आणलेले पाव किलो दगडफूल आहे, तेच वापरावे की महाबळेश्वरला झाडांवर लगडलेले दिसते ते ताजे आणावे? आणि जाता जाता, ही खायची वस्तू आहे तरी का, की नुसती वासाची?

आधी उत्तर सांगते, कारणे मागाहून. काढा सुरू करू नका. मसाला बिनघोर करा. महाबळेश्वरचे झाडावरच राहू द्या. आणि पाव किलो दगडफूल म्हणजे दहा किलो धण्यांचा मसाला होईल, तेव्हा शेजारीपाजारी वाटून टाका.

आता कारणे. मी वैद्य आहे, बरीच वर्षे द्रव्यगुण म्हणजे औषधी द्रव्यांचे शास्त्र शिकवते आहे आणि दर उन्हाळ्यात घरचा मसालाही करते. त्यामुळे ही वस्तू मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. दोन्हीकडे तिचा वापर चिमटीनेच झालेला आहे, हे मला पहिल्यांदा सांगायचे आहे. दगडफुलाबद्दलचे सगळे घोटाळे ही चिमूट सोडून मूठ धरली की सुरू होतात.

डब्यातला एक तुकडा तळहातावर घेऊन खिडकीशी जा. वरची बाजू राखाडी, किंचित हिरवट झाक असलेली, कडा कुरळ्या आणि कधी कधी पीठ भुरभुरल्यासारख्या. उलटा करा: खालची बाजू काळीभोर, मध्यभागी बारीक काळे केस, कडेला तपकिरी पट्टा. आता त्यावर पाण्याचा थेंब टाका. क्षणात राखाडी रंग जाऊन हिरवा वर येतो. कारण वरचा पापुद्रा ओला झाला की पारदर्शक होतो आणि आतले शैवाल दिसू लागते. दगडफूल म्हणजे एक बुरशी आणि तिच्या अंगात राहणारे हे हिरवे शैवाल, अशी दोघांची भागीदारी. घर बुरशीचे, स्वयंपाक शैवालाचा. हे असे दोन जीवांचे एकत्र बिऱ्हाड आहे असे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकात मांडले, तेव्हा शैवाकांच्या (लायकेनना मराठीत शैवाक म्हणतात) अभ्यासकांनीच त्यांना वेड्यात काढले होते.

या बिऱ्हाडाच्या तीन गोष्टी तुमच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहेत. एक, याला मुळे नाहीत. पाऊस, धुके आणि हवेतली धूळ यांतून जे मिळेल ते सगळे अंगात शोषले जाते, चांगलेही आणि वाईटही. दोन, वाढ अतिशय सावकाश, वर्षाला काही मिलिमीटर. तळहाताएवढा तुकडा व्हायला कित्येक वर्षे लागतात. आणि तीन, इतक्या सावकाश वाढणाऱ्या जीवाला कोणी खाऊन टाकू नये म्हणून ते स्वतःच्या अंगावर कडू आम्ले साठवून ठेवते. या आम्लांची संख्या शेकड्यांत आहे आणि त्यांतली बहुतेक आम्ले शैवाकांखेरीज दुसरीकडे फारशी सापडत नाहीत. दगडफुलाचा वास, त्याचे औषधी गुण आणि त्याचे धोके, तिन्हींचे मूळ याच आम्लांत आहे.

‘खायची वस्तू आहे का’ या प्रश्नाचे उत्तर जगातल्या निरनिराळ्या स्वयंपाकघरांनी दिलेले आहे. पूर्व नेपाळातले लिंबू आणि राई लोक ‘यांगबेन’ नावाने झाडावरचे शैवाक भाजीसारखे खातात, डुकराच्या मांसाबरोबर शिजवून. पण आणले आणि फोडणीला टाकले असे नाही. आधी ते चुलीच्या राखेबरोबर उकळतात, मग पुन्हा पुन्हा पाण्यातून काढतात, मग वाळवतात. राख अल्कधर्मी असते, कडू आम्ले त्यात विरघळून पाण्याबरोबर निघून जातात. आइसलँडमध्ये डोंगरावरचे तपकिरी ‘आइसलँड मॉस’ (नावात मॉस असले तरी शैवाकच) दुधात शिजवून खातात आणि पावाच्या पिठातही घालतात. धान्य तुटपुंजे असलेल्या त्या देशात त्याने पिढ्यान् पिढ्या पोटाला आधार दिला. तिथेही कडूपणा घालवायला भिजवणे आलेच. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचे सेलिश भाषिक आदिवासी झाडांवरून लोंबणारे काळे केसाळ शैवाक गोळा करत. ते बराच वेळ धुऊन, जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर पाल्याच्या थरांत रात्रभर शिजवत. ते विरघळून जिलेटिनसारखे घट्ट होई आणि मग वड्या करून वाळवून ठेवत. जपानचे ‘इवाताके’ आणि कोरियाचे ‘सोगी’ हे कड्यांवर वाढणारे काळे शैवाक; दोराला लोंबकळून काढायचे, चोळचोळून धुवायचे आणि मग बारीक चिरून सजावटीपुरते घालायचे.

हे सोपस्कार टाळले की काय होते, त्याचीही नोंद आहे. जॉन फ्रँकलिन यांची १८१९ ते १८२२ची उत्तर कॅनडातली मोहीम उपासमारीला लागली, तेव्हा त्या माणसांनी खडकांवरचे शैवाक खरवडून उकळून खाल्ले. (बुटांचे चामडेही खाल्ले.) जीव काहींचा वाचला, पण पोटे बिघडली आणि काहींना ते पचेना. जनावरांचीही तीच गत. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये २००४च्या हिवाळ्यात शेकडो एल्क हरणे जमिनीवरचे एका जातीचे शैवाक खाऊन लुळी पडली आणि मेली.

आपल्याकडच्या बायकांनी तिसराच मार्ग काढला. राख नाही, रात्रभर शिजवणे नाही. घ्यायचे इतके थोडे की कडूपणा कळूच नये, आणि तेवढेही तेलात तळून.

माझे गोड्या मसाल्याचे प्रमाण एक किलो धण्यांना पंचवीस ग्रॅम दगडफूल असे आहे. ऐकायला थोडे वाटते, पण ही वस्तू इतकी हलकी आहे की पंचवीस ग्रॅमची चांगली ओंजळ भरते. पावपाव किलो तीळ आणि सुके खोबरे, जिरे, शहाजिरे, दालचिनी, लवंग, तमालपत्र, नाकेश्वर, वेलची, हिंग, हळद धरून हा मसाला पावणेदोन-दोन किलोंच्या घरात जातो. आता हिशेब करा. आमटीला दोन चमचे मसाला, म्हणजे साधारण सहा ग्रॅम. त्यात दगडफूल ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास. चार माणसे जेवली तर माणशी वीस मिलिग्रॅम. तुमच्या गृहस्थांनी सांगितलेला चमचाभर चूर्णाचा काढा तीन ग्रॅमांचा धरला, तर तो आमटीतल्या प्रमाणाच्या दीडशे पट होतो, तोही रोज आणि रिकाम्या पोटी. ‘आपण पिढ्यान् पिढ्या खातोच की’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. पिढ्यान् पिढ्या खाल्ले ते वीस मिलिग्रॅम.

मसाल्याचे आणखी थोडे, कारण इथेच दगडफूल खरे खुलते. कच्च्या दगडफुलाला फारसा वास नसतो. जुन्या पुस्तकांच्या कपाटासारखा, मातकट. दुकानदार ‘वास घेऊन बघा’ म्हणतात त्याला फारसा अर्थ नाही. कढईत चमचाभर तेल चांगले तापवा, आच मंद करा आणि मूठभर दगडफूल टाका. ते लगेच आक्रसते, तेल पिते, काळसर होते आणि घरभर ओल्या लाकडासारखा, जंगलासारखा दरवळ सुटतो. अंगातली मोठी, बिनवासाची आम्ले उष्णतेने मोडून लहान, उडून जाणारे सुगंधी रेणू मोकळे होतात. युरोपातल्या अत्तरांमधल्या ‘ओकमॉस’चा (हेही शैवाकच) वास याच घराण्यातला. कनौजचे अत्तरवाले हिना आणि शमामा अत्तरात छडीला घालतात, तो छडीला म्हणजे हेच. तळलेले दगडफूल चुरगाळले की कुरकुरीत मोडले पाहिजे. नरम राहिले तर मिक्सरमध्ये दोऱ्यासारखे गुंडाळते, दळले जात नाही. आणि काही सेकंद जास्त झाले तर जळते. मग सबंध मसाल्याला कडवट झाक येते. गूळ घालूनही ती जात नाही. म्हणून खडा मसाला तळताना दगडफूल एकटे, शेवटी, आच बंद करायच्या बेतात असताना टाकावे. लवंग-दालचिनीबरोबर एकाच घाण्यात टाकणाऱ्यांचा मसाला मला वासावरून कळतो.

ही चव आपल्या मराठी मुलखाचीच आहे असेही नाही, पण आपण तिच्यावर विसंबतो जास्त. भरली वांगी, मसालेभात, कटाची आमटी यांतून दगडफूल काढा, पदार्थ बिघडणार नाही, पण ‘काहीतरी राहिले’ असे वाटत राहील. खानदेशी काळा मसाला, मालवणी मसाला, नागपूरचा सावजी या सगळ्यांत ते आहे, फक्त मिरचीच्या आड. तमिळनाडूत चेट्टीनाडचे लोक त्याला ‘कल्पासी’ म्हणतात आणि दळत बसत नाहीत. अख्खा तुकडाच पहिल्या फोडणीत सोडतात. हैदराबादला मसाल्याच्या पुरचुंडीत बांधून रश्श्यात सोडतात आणि नंतर पुरचुंडी उचलून टाकतात. म्हणजे तिथेही वास तेवढा घेतला जातो, वस्तू पोटात जात नाही.

निवडायला मात्र वेळ द्या. दगडफुलात सालीचे तुकडे, शेवाळ, चीडच्या (पाइनच्या) झाडाच्या सुया, माती, वाळलेले किडे सर्रास असतात. जाड चाळणीवर हलवा, मग पांढऱ्या कापडावर पसरून एकेक तुकडा बघा. धुवायचे असेल तर भरभर धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. ओल राहिली तर सगळ्या मसाल्याला बुरा येतो.

आता औषधाकडे. आयुर्वेदात याचे नाव शैलेय. तुमच्या गृहस्थांनी मुतखड्याचे जे सांगितले ते अगदीच हवेतून आलेले नाही, हे आधी मान्य करते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात कर्पूरादि वर्गात शैलेयाचे गुण दिले आहेत: शीत, लघु, कफपित्त कमी करणारे, कंडू (खाज), कुष्ठ (त्वचेचे रोग), दाह आणि अश्मरी म्हणजे मुतखडा यांवर उपयोगी. पण वर्ग कोणता, ते पाहा. कापूर, कस्तुरी, चंदन, अगरू यांच्या पंगतीत ते बसवले आहे. ग्रंथकारांनी शैलेयाकडे प्रथम सुगंधी द्रव्य म्हणून पाहिले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिसऱ्या अध्यायात थंडी घालवणारा एक लेप आहे, त्याची सुरुवातच शैलेयाने होते. पुढे वेलची, अगरू, कुष्ठ (इथे रोग नव्हे, त्या नावाची वनस्पती), तगर, दालचिनी, देवदार, रास्ना. विद्यार्थी दरवर्षी विचारतात, शीत गुणाचे द्रव्य थंडी कशी घालवणार? बरोबरच्या मंडळींकडे बघा, म्हणजे उत्तर मिळते: अगरू, देवदार, रास्ना ही उष्ण द्रव्ये काम करतात, शैलेय त्यांच्या संगतीत वासाचे आणि त्वचेवरचे काम करते. वाताच्या दुखण्यांवर अंगाला लावायचे नारायण तेल घ्या, त्याच्या पाठातही शैलेय आहे, एका लांबलचक यादीतले एक म्हणून.

मुतखड्याच्या आणि लघवी अडण्याच्या बाबतीतही परंपरेत याचा एक वापर सापडतो: दगडफूल शिजवून त्याचे ऊन पोटीस कमरेवर आणि ओटीपोटावर बांधायचे, लघवी मोकळी व्हावी म्हणून. हा बाहेरून करायचा उपाय आहे. शेकाने स्नायू सैल पडतात, दुखणे कमी वाटते. त्यात दगडफुलाचा वाटा किती आणि उबेचा किती, हा भाग वेगळा. पोटातून द्यायचे असते तेव्हा पुस्तकात चूर्णाची मात्रा साधारण एक ते तीन ग्रॅम दिलेली असते. ती मात्रा ठरावीक रोग्याला, ठरावीक दिवस, वैद्याच्या नजरेखाली द्यायची असते. अश्मरीसाठी आमच्या हाताशी पहिली द्रव्ये वरुण, गोखरू, पाषाणभेद ही आहेत. ती सोडून शैलेयाच्या एकट्याच्या काढ्याला हात घालावा असे एकही कारण मला दिसत नाही. दगडावर उगवते म्हणून दगड फोडते, एवढाच तर्क बहुधा या सल्ल्यामागे आहे. (आणि तुमच्या डब्यातले तर झाडाच्या सालीवर उगवलेले असण्याचीच शक्यता जास्त.)

मग ‘अमक्याचा खडा काढ्याने पडला’ या गोष्टी खोट्या का? खोट्या नसाव्यात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतांशी आपोआपच पडतात, काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत. त्या काळात माणूस जे घेत असेल त्याला श्रेय मिळते. शिवाय काढा घ्यायचा म्हणजे पाणीही जास्त पोटात जाते, आणि पाणी हे खड्यावरचे खरोखरच औषध आहे. उलट एक गोष्ट या काढेवाल्यांना ठाऊक नसते: काही शैवाकांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साठलेले असतात, आणि बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. तुमच्या पाकिटातल्या तुकड्यांत ते आहेत असा दावा मी करत नाही. पण ज्या आजारावर औषध म्हणून घ्यायचे, त्यात हा प्रश्न तरी पडायला हवा.

वजनाच्या संदेशाबद्दल मात्र मी कठोर बोलणार आहे. शैवाकांतल्या एका आम्लाचे नाव उस्निक आम्ल. झाडांवरून दाढीसारखे लोंबणारे, पिवळट हिरवे शैवाक असते, त्यात ते भरपूर असते. पेशीत जळण होते, पण त्यातून मिळायची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, असे काम हे आम्ल करते. म्हणून ‘चरबी जाळणारे’ म्हणून ते गोळ्यांत घालायचा उद्योग अमेरिकेत झाला. नोव्हेंबर २००१मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लिपोकायनेटिक्स नावाचे असे एक उत्पादन ताबडतोब थांबवा असा इशारा दिला, कारण ते घेणाऱ्यांच्या यकृताला गंभीर इजा झाल्या होत्या. दगडफुलाची मुख्य जात वेगळी आहे, तिची आम्ले वेगळी आहेत. पण बाजारातले दगडफूल एका जातीचे नसते, हीच तर अडचण.

ते कसे, हे घरच्या घरी पाहता येते. पाकिटातले आठदहा वेगवेगळे दिसणारे तुकडे घ्या. प्रत्येकाचा वरचा राखाडी पापुद्रा ब्लेडने हलकेच खरवडा, आतला पांढरा गाभा दिसेल. त्यावर कपड्यांच्या क्लोरीनवाल्या ब्लीचचा एकेक थेंब सोडा. काही तुकड्यांचा गाभा बघता बघता लालभडक होतो आणि थोड्या वेळाने रंग फिका पडतो. काहींवर काहीच होत नाही. लाल होणारी जात वेगळी, न होणारी वेगळी. पहिलीत लेकॅनोरिक आम्ल आहे, दुसरीत नाही. शैवाकांचे अभ्यासक जाती ओळखताना आजही ही चाचणी करतात. (तुकडे नंतर कचऱ्यात टाका, मसाल्यात नव्हे.) कुमाऊँ आणि नेपाळच्या बांज ओकच्या जंगलांतला माल, तिथे त्याला झूला घासही म्हणतात, आणि दक्षिणेतल्या डोंगरांतला माल व्यापारात एकत्र येतो. त्यात दाढीवाल्या शैवाकाचे धागेही सापडतात, निवडताना तुम्हालाही दिसतील. ते काढून टाका. मसाल्याच्या वीस मिलिग्रॅममध्ये या मिश्रणाने फरक पडत नाही. रोजच्या तीन ग्रॅममध्ये मात्र आपण नेमके काय आणि किती पितो आहोत ते कोणालाच सांगता येणार नाही. वैद्यालाही नाही.

त्वचेचे थोडक्यात सांगते, कारण ‘कंडू’ शब्द वाचून कोणीतरी फेसपॅक करायला घेईलच. शैवाकांच्या अर्कातली अट्रॅनॉल आणि क्लोरोअट्रॅनॉल ही दोन द्रव्ये इतक्या लोकांना त्वचेची ॲलर्जी देतात की युरोपीय संघाने २०१७च्या नियमाने ती सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केली. २०२१पासून त्यांची विक्रीही बंद. लेप लावायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा.

दोन गोष्टी शैवाकांच्या बाजूच्याही सांगायला हव्यात. कोरड्या खोकल्यासाठी आणि घसा खवखवण्यासाठी आइसलँड मॉसच्या चघळायच्या गोळ्या युरोपात औषधांच्या दुकानांत मिळतात आणि तिथल्या नियामकांनी तो परंपरागत वापर म्हणून मान्य केलेला आहे. त्यातला बुळबुळीत पिष्टासारखा पदार्थ घशावर लेप धरतो, एवढे साधे काम आहे. आणि शाकाहारी मंडळी ज्या ‘लायकेनपासून केलेले ड ३ जीवनसत्त्व’ असलेल्या गोळ्या घेतात त्याही खऱ्या आहेत. पण म्हणून गोडा मसाला खाऊन ड जीवनसत्त्व मिळेल अशी आशा धरू नका.

राहिले महाबळेश्वर. जांभूळ, अंजनी, हिरड्यांच्या फांद्यांवर तिथे शैवाकांची अक्षरशः झुल असते, खरे आहे. पण तुम्हाला जे दिसते त्यात कैक जाती असतात आणि मसाल्याची त्यातली नेमकी कोणती, हे वाटेवरून जाणाऱ्याला कळत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या संग्रहात शैवाकांचे हजारो नमुने आहेत. आयुष्यभर हाच अभ्यास केलेले तिथले लोकही सूक्ष्मदर्शकाशिवाय आणि रसायनांशिवाय पुष्कळदा जात सांगत नाहीत. शिवाय संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय काही काढणे हा गुन्हा आहे. आणि पर्यटकांच्या गाड्या ज्या रस्त्यावरून रांगेने जातात, त्याच्या कडेच्या झाडांवरचे शैवाक ‘ऑरगॅनिक’ म्हणणे म्हणजे गंमतच. मुळे नसलेला हा जीव हवेतले सगळे टिपतो, त्यात धुराबरोबर येणारे जड धातूही आले. १९८६मध्ये चेर्नोबिलचा किरणोत्सारी पाऊस स्कँडिनेव्हियावर पडला, तो तिथल्या शैवाकांनी धरून ठेवला. ते रेनडिअरांनी खाल्ले आणि सामी पशुपालकांना त्यांचे मांस टाकून द्यावे लागले. शहरातल्या झाडांवर जे पांढुरके चट्टे दिसतात ते धुरातही तग धरणाऱ्या जातींचे. त्यांना तर हातही लावू नका.

विकत घेताना पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. तुकडे मोठे, सपाट, वरून राखाडी आणि खालून काळे हवेत. भुसा झालेले, पिवळट पडलेले किंवा कुबट वासाचे घेऊ नका. घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर सहज टिकते. दळलेली ‘दगडफूल पावडर’ कधीच घेऊ नका. त्यात काय दळले आहे ते कोणी सांगू शकत नाही.

आईंच्या बाबतीत आधी सोनोग्राफी झाली आहे का ते पाहा. खडा किती मिलिमीटरचा आहे, मूत्रपिंडात आहे की मूत्रवाहिनीत उतरला आहे, मूत्रपिंडाला सूज आहे का आणि रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते यावरून कळते) किती, या चार गोष्टी कळल्याशिवाय कोणीही, मीसुद्धा, काही देऊ नये. त्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आधीचा आजार नसेल, तर दिवसभरात अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी सुरू करायला हरकत नाही. कळा येऊन थंडी-ताप भरला किंवा लघवी बंद झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अहवाल हाती आला की तो आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची नावे कळवा, मग वरुण-गोखरूचे काय करायचे ते बोलू.